चौदा टॉवर आणि सतराशे माणसं

प्रश्न : ताई, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, मानपाड्याच्या पुढे. नुकतीच बारावी दिली. अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक मोठं सरकारी विद्यापीठ आहे, चाळीस हजार विद्यार्थ्यांचं. दुसरं आयोवा राज्यातलं ग्रिनेल कॉलेज. तिथे चारही वर्षांचे मिळून १,७०० च्या आसपास. माझा विषय अजून ठरलेला नाही, इतिहास आणि गणित दोन्ही आवडतं, म्हणून ग्रिनेल बरं वाटतं. शिष्यवृत्तीही तिथलीच मोठी आहे. पण रात्री झोप लागत नाही. आमच्या कॉम्प्लेक्समध्येच १४ टॉवर आहेत, २२-२२ मजल्यांचे, मजल्यावर चार फ्लॅट. एवढ्या माणसांची सवय असताना चार वर्षं तेच ते चेहरे बघायचे? कोणाशी बिनसलं तर जायचं कुठे? माझ्यासारखं कोणी भेटलंच नाही तर? बाबा म्हणतात, "सतराशे? माझ्या सकाळच्या लोकलला याहून जास्त माणसं असतात." आई म्हणते, लहान जागा, सगळ्यांचं लक्ष राहील, बरंच आहे. मला दोघांच्याही बोलण्याने जास्तच भीती वाटते. १ मेपर्यंत कळवायचं आहे.
ता. क. आई कुकर ने म्हणते. न्यायचा का?
— वय १८, ठाणे

उत्तर : अगं, आधी तुझ्या कॉम्प्लेक्सचा हिशेब करू. गणित आवडतं म्हणालीस ना. १४ टॉवर, २२ मजले, मजल्यावर चार, म्हणजे १,२३२ फ्लॅट. घरटी तीन माणसं धरली तरी ३,६९६. ग्रिनेलच्या दुपटीहून जास्त माणसं तुझ्या गेटच्या आत राहतात. आता सांग, त्यातली नावानं किती माहीत आहेत? लिफ्टमध्ये मान हलवणारे सोड. ज्यांच्या दाराशी चप्पल काढून तू सरळ स्वयंपाकघरात जातेस, असे किती? दहा-बारा निघाले तरी पुष्कळ. गणपतीत आरतीला येणारे धरले तर पन्नासेक.

म्हणजे तुला सवय कसली आहे? दहा-बारा जवळची माणसं, आणि त्यांच्या भोवती आपल्याला न ओळखणारी अफाट गर्दी. जवळची दहा-बारा माणसं सतराशेंत सहज मिळतात, त्याची काळजी सोड. गर्दी मात्र मिळत नाही. आणि ती नसली की काय होतं, हे आईच्या 'सगळ्यांचं लक्ष राहील'मध्ये आलंच आहे. आई ज्याला सोय म्हणते, त्याचाच तुला त्रास होणार आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९१ साली मी अशाच एका कॉलेजात गेले होते. ओहायोत, दीड हजार मुलांचं. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल थोडं कडू लिहिणार आहे. मी चरईतल्या चाळीतली. वीस बिऱ्हाडं, दोन नळ, एकच जिना. तेव्हा लहान जागेत कसं राहायचं हे आपल्याला कोणी शिकवायला नको, अशा तोऱ्यात मी विमानात बसले.

पहिले तीन आठवडे नव्याची नवलाई. जो तो नाव विचारतो, जो तो जेवायला हाक मारतो. ऑक्टोबरमध्ये घरून पत्र आलं, वडिलांचं दुखणं वाढल्याचं. मी ते रूममेटला सांगितलं, रात्री, दिवे घालवल्यावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अख्खा मजला मला जवळ घेऊन सांत्वन करत होता. जिच्याशी मी कधी चार शब्द बोलले नव्हते ती मुलगी जिन्यात माझा हात धरून रडली. रूममेटने चांगल्या मनानेच सांगितलं होतं, हे आज कळतं. तेव्हा मला चव्हाट्यावर उभं केल्यासारखं वाटलं. मी तिला नको ते बोलले आणि आमचं बोलणं बंद झालं.

आता खरी गंमत. त्या कॉलेजात जेवायला जागा एकच. दाराशी कार्ड दाखवायचं, ट्रे उचलायचा, वाढून घ्यायचं आणि वळायचं. त्या वळण्याची मला धास्ती बसली. समोर वीस-बावीस गोल टेबलं, प्रत्येकावर ओळखीचे चेहरे, आणि आमचं भांडण झालंय हे प्रत्येकाला ठाऊक. कुठल्या टेबलावर बसते यावरून आपण कोणाच्या बाजूच्या हे ठरणार. म्हणून मी संध्याकाळी पाचला, दार उघडताच जायला लागले. ठाण्यात पाचला आपण चहा घेतो, तिथे मी उकडलेला फ्लॉवर आणि भात जेवत होते, समोर पुस्तक उघडं ठेवून. पानं उलटायची तेवढी, वाचत काहीच नव्हते. असे एकोणीस दिवस गेले. खोली बदलून मागायला ऑफिसात गेले, तर तिथल्या बाईंनी सत्र संपेपर्यंत काही होणार नाही म्हणून सांगितलं आणि 'मतभेद कसे मिटवावेत' असा एक छापील कागद हातात दिला. तो कागद मी अजून विसरलेले नाही.

सुटका केली ती चाळीने. रूममेटचा एक मग माझ्याकडे राहिला होता. आमच्याकडे शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जात नसे. नळावर सकाळी झिंज्या उपटायची भाषा झालेली असली तरी संध्याकाळी वाटीतून निदान चार चमचे साखर तरी जायचीच. विसाव्या दिवशी मी तो मग धुतला, येताना आणलेल्या चिक्कीचे उरलेले दोन तुकडे त्यात टाकले आणि तिच्या टेबलावर ठेवला. रात्री अंधारात तिकडून कडाम् कडाम् आवाज आला आणि मग प्रश्न, "हे दात पाडायचं काय आहे?" आमची गळ्यात गळा घालण्यासारखी मैत्री झाली नाही. पुढच्या वर्षी खोल्याही वेगळ्या घेतल्या. पण तिच्या लग्नाला मी गेले होते.

मोठ्या विद्यापीठात हे घडलं नसतं. मी दुसऱ्या कँटीनला गेले असते, दुसरा घोळका पकडला असता, आणि तो मग आजही माझ्याकडे असता. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यासमोर रोज ट्रे घेऊन वळता येतं का, हे तू स्वतःला विचार. खोटं उत्तर देऊ नकोस. दुखावलं की महिनोन्महिने दार लावून बसणारी माणसं असतात. तो काही गुन्हा नाही, माझा सख्खा भाऊ तसाच आहे. अशा माणसाला चाळीस हजारांची गर्दी पांघरुणासारखी उपयोगी पडते. तू तशी असलीस तर शिष्यवृत्ती कितीही मोठी असो, विचार कर.

लहान जागेची स्मरणशक्ती किती दांडगी असते याचा किस्सा ग्रिनेलचाच आहे. रॉबर्ट नॉइस हे नाव तू ऐकलं असशील, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. तो ग्रिनेलचा, १९४९ चा पदवीधर. १९४८ साली हॉस्टेलच्या पोरांनी हवाई बेटांच्या धर्तीवर मेजवानी करायची ठरवली. त्यासाठी डुक्कर हवं होतं. नॉइस आणि त्याच्या मित्राने शेजारच्या शेतावरून एक डुक्कर पळवलं. सकाळी उपरती झाली, जाऊन कबुली दिली. मालक निघाला गावचा मेयर. आयोवा म्हणजे शेतीचं राज्य, तिथे जनावर चोरणं हा फौजदारी गुन्हा. पोराचं आयुष्यच उठणार होतं. तेव्हा ग्रँट गेल नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मध्ये पडले. पोरगा कसा आहे, हे त्यांना माहीत होतं. नॉइस एका सत्राच्या निलंबनावर सुटला. याच गेल सरांनी ट्रान्झिस्टर नुकता शोधला गेला असताना तो वर्गात दाखवायला मिळवला होता. पुढे नॉइसने जे केलं त्याचं बी तिथे पडलं. मोठ्या विद्यापीठात डुकराचा मालक मेयर निघाला नसता, हे खरं. पण चारशे पोरांच्या वर्गात बसणाऱ्या नॉइससाठी शब्द टाकायला कोण आलं असतं?

तुझा विषय ठरलेला नाही म्हणून तर हे जास्त लागू. ग्रिनेलला पहिल्या वर्षीचा एक छोटा वर्ग, ट्युटोरियल म्हणतात त्याला, तेवढा सगळ्यांना सक्तीचा. बाकीचे विषय सल्लागार प्राध्यापकाशी बोलून आपले आपण निवडायचे. इतिहास आणि गणित एकाच सत्रात घेतलंस तर कोणी भुवया उंचावणार नाही.

आता 'माझ्यासारखं कोणी'. मराठी मैत्रीण म्हणत असशील तर मोठ्या विद्यापीठात तुला मराठीच काय, ठाण्याचीच चार पोरं भेटतील. गणपती बसेल, गरबा होईल, वरण-भाताचे डबे फिरतील. त्यात एक धोकाही आहे. चाळीस हजारांत राहून चाळीस जणांचं घोडबंदर वसवायचं आणि चार वर्षांनी त्यातूनच परत यायचं, अशी मुलं मी पुष्कळ पाहिली. ग्रिनेलमध्ये परदेशी विद्यार्थी पाचांत एकाच्या आसपास आहेत, पण ते जगभरचे. मराठी बोलायला कदाचित एकही नसेल. सणाला त्रास होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. मला दिवाळीला झाला. पहाटे उठून मी बाथरूममध्ये डोक्याला तेल लावलं आणि साडेआठच्या वर्गात जाऊन बसले. प्राध्यापिका कपाळावरच्या तेलाकडे बघत राहिल्या. इकडे तेव्हा राम मारुती रोडवर माझ्या मैत्रिणी नव्या कपड्यांत फिरत असणार, हे डोळ्यांसमोरून हलेना.

फ्रॅटर्निटी-सोरोरिटी हे शब्द सिनेमात ऐकले असशील. मुलांचे किंवा मुलींचे बंदिस्त मंडळ, निवडून घेतात, कधी स्वतंत्र घरात राहतात. ग्रिनेलला ते नाहीत. लहान कॉलेजात हे असणं-नसणं फार मोठं. दीड हजारांतले तीनशे अशा मंडळांत गेले की उरलेल्यांचं गाव आणखी आक्रसतं. माझ्या कॉलेजात ते होतं आणि शुक्रवारी रात्री कोण कुठे बोलावलं गेलं यावर सोमवारची बसायची जागा ठरायची.

तेव्हा कॉलेजात किती जण आहेत यापेक्षा त्याला बाहेर पडायची दारं किती आहेत, हे बघावं. लहान कॉलेजं सगळी एका जातीची नसतात. पेनसिल्वेनियातल्या स्वार्थमोरच्या कॅम्पसला लागून रेल्वे स्टेशन आहे, तिथून फिलाडेल्फिया म्हणजे आपलं ठाणे-दादर समज. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅम्हर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि तिथलं मोठं सरकारी विद्यापीठ अशी पाचांची मोट बांधलेली होती. एकात शिकायचं आणि बसने दुसऱ्यात तासाला जायचं. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला तर पाच कॉलेजं भिंतीला भिंत लावून आहेत, जेवायलाही एकमेकांकडे जातात. ग्रिनेलचं तसं नाही. गाव साडेनऊ हजार वस्तीचं. डेमॉइन शहर गाडीने तासाभरावर, आणि गाडी तुझ्याकडे नसणार. कॅम्पसच्या मधून रेल्वेचे रूळ जातात खरे, पण त्यावरून मालगाड्या धावतात. ठाणेकराला रूळ दिसावेत आणि लोकल येऊ नये, याहून मोठी थट्टा नाही. जानेवारीत थंडी शून्याच्या वीस अंश खाली उतरते, तेव्हा 'जरा तलावपाळीला चक्कर मारून येते' हा पर्यायही बंद.

त्यात एफ-१ व्हिसाची, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची अट. पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही, आणि कॅम्पसवर कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. म्हणजे राहणं, जेवणं, शिकणं, कमावणं सगळं त्याच आवारात. ग्रंथालयात काम करशील तर ज्याच्याशी बोलायचं नाही तोच पुस्तक घ्यायला येईल. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सणाला हॉस्टेल रिकामं होतं. त्या चार दिवसांत कोणाकडे जायचं, हे ऑगस्टमध्येच बघून ठेव. गावातली कुटुंबं परदेशी मुलांना घरी बोलावतात, अशी सोय बऱ्याच लहान कॉलेजांत असते, तिच्यात नाव घालायला लाजू नकोस. मी लाजले आणि पहिल्या वर्षी चार दिवस ब्रेड-बटर खाल्लं.

१ मे जवळ आहे म्हणून आत्ता करायचं काम सांगते. कॉलेजला लिहून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलायची सोय मागून घे. "कॉलेज कसं आहे?" विचारू नकोस, सगळे "मस्त आहे" म्हणतात. विचार, "गेल्या शनिवारी रात्री आठला कुठे होतीस? कोणाबरोबर? त्यातल्या किती जणी पहिल्या वर्षापासूनच्या?" विचार, "शेवटचं कॅम्पसबाहेर कधी पडलीस, कशाने गेलीस?" आणि जमलं तर, "तुझं ब्रेकअप झालंय का इथे?" हसतील, पण याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. अकरा जणांच्या सेमिनारमध्ये समोर तोच मुलगा, सत्रभर. माझं झालं होतं, त्याबद्दल इथे इतकंच.

मी तुझ्या जागी असते तर ग्रिनेलला गेले असते. शिष्यवृत्ती, न ठरलेला विषय आणि गेल सरांसारखं कोणी भेटण्याची शक्यता, या तीन गोष्टींसाठी. दरवर्षी तिथे चारशेच्या वर नवी मुलं येतात, तेवढीच जुनी जातात, त्यामुळे तेच ते चेहरे हे तितकंसं खरं नाही. दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत मात्र ते खरं वाटेल. तेव्हा मला पत्र लिही.

आणि हो, कुकर ने. तीन लिटरचा. खोलीत शेगडी लावू देत नाहीत, पण हॉस्टेलात सगळ्यांचं मिळून स्वयंपाकघर असतं, तिथे चालतो. रिंगा दोन जास्त ने, तिथल्या दुकानात मिळत नाहीत. पहिल्या शिट्टीआधी मजल्यावर सांगून ठेव. माझ्या पहिल्या शिट्टीला दोन मुलं आग लागली समजून पायमोजे घालून बाहेर बर्फात पळाली होती. त्यातला एक नंतर दर रविवारी ताट घेऊन यायचा.

प्रश्न : आम्ही नेरूळला असतो. मुलगा अमेरिकेत एका लहान कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष खूश होता. आता फोनवर एकच पालुपद, "आई, सगळं तेच तेच आहे, मला मोठ्या ठिकाणी जायचंय." अर्धवट सोडू द्यावं का?
— एक आई, नेरूळ

उत्तर : ताई, दुसऱ्या वर्षाला हे बहुतेकांना होतं. नवलाई संपलेली असते आणि शेवट दिसत नसतो. पण म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही.

बदली करता येते. व्हिसाचं फार अवघड नसतं, जुनं कॉलेज त्याची नोंद नव्याकडे वर्ग करतं आणि नवं कॉलेज नवा आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, देतं. अडतं ते पैशाचं. मधूनच येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळणं पहिल्या वर्षाला येणाऱ्यापेक्षा पुष्कळ कठीण असतं. तेव्हा आधी आकडे घेऊन बसा, त्याच्यासमोर. शिवाय येत्या ऑगस्टसाठीचे बदलीचे अर्ज बऱ्याच ठिकाणी मार्चमध्येच बंद झाले.

तिसऱ्या वर्षी अशा कॉलेजांतली पुष्कळ मुलं एक सत्र दुसऱ्या देशात शिकायला जातात, आणि शिष्यवृत्ती त्यांच्यामागोमाग जाते की नाही हे कॉलेजागणिक बदलतं. तो तेवढ्यात मागे राहिला तर त्याचं गाव आणखी लहान होणार, कारण मित्रच निघून जाणार. जानेवारीच्या सत्रासाठी मोठ्या शहरातली जागा अजून आहे का, हे त्याला याच आठवड्यात विचारायला लावा. परत आल्यावरही त्याचं तेच म्हणणं असेल, तर मग बोलू.

सुट्टीत घरी आला की लगेच विषय काढू नका. एकदा संध्याकाळी पाम बीच रोडला नेऊन सोडा, एकट्याला. मी यायची तेव्हा पहिल्या दिवशी ठाणे स्टेशनच्या पुलावर जाऊन उभी राहायची. कोणी ढकलायचं, कोणी "ओ बाई, बाजूला व्हा" म्हणायचं. अर्ध्या तासाने घरी जायची.